ओठाचा डावा कोपरा

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव हजेरीच्या पत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकोणिसाव्या वर्षी तो पितळी नळांच्या कारखान्यात लेथवर लागला, आणि त्याच वर्षी कारखान्याच्या बँडमधला ट्रम्पेटवाला निवृत्त झाला. बँड चालवणारा स्टोअरकीपर तेव्हा नव्या कामगारांची तोंडं बघत फिरत होता, म्हणजे अगदी शब्दशः तोंडं. याच्यापुढे तो थांबला, हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि म्हणाला, "दात सरळ आहेत, ओठ जाड आहेत. चालेल."

आपले जाड ओठ कुणाच्या उपयोगाचे असतील, असं त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी तर त्यावरून चेष्टाच व्हायची. त्या दिवसापासून तो ओठांना जपायला लागला. थंडीत ते फुटू नयेत म्हणून मलम, कडक पाव चहात बुडवून, भांडणात हात उचलायचा झाला तरी आधी तोंड मागे.

बँड अठरा वर्षं चालला. मग मालक बदलले, वाद्यं गोदामात गेली, वाजवणारे एकेक करून पांगले. भोंगाने आपलं ट्रम्पेट तेवढं घरी आणलं. जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा राहून वाजवायचा, आणि घरी, शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून, ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून. त्याची बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. ती मैत्रिणींना सांगायची, "आमचे हे दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत. फक्त ओरडतात, तेही पितळेतून."

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याची बाईंशी गाठ पडली, तीही एका गळक्या नळामुळे. कारखान्याजवळच्या चर्चमध्ये हात धुवायच्या खोलीतला नळ थेंबथेंब गळायचा. नळ याच कारखान्याचा, म्हणून तिथल्या राखणदाराने फोरमनला गाठलं आणि फोरमनने याला धाडलं. तो बेसिनखाली पाना घेऊन पडलेला असताना वर सज्जात कुणीतरी ऑर्गन वाजवायला लागलं. थोडं वाजे, मग एकदम थांबे. चार मोजण्याएवढी शांतता, पुन्हा वाजे. त्याला वाटलं वाजवणारा नवशिका आहे. पण बोटं नवशिकी वाटेनात. वॉशर बसवून तो जिना चढून वर गेला.

वर पट्ट्यांच्या तीन ओळींपुढे एक साठी उलटलेली, काटकुळी बाई बसली होती. शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेली. त्या भागातल्या निम्म्या लोकांच्या बोटांवर तिची पट्टी बसली होती, आणि सगळे तिला नुसतं बाई म्हणत.

"मध्येच का थांबता तुम्ही?" त्याने विचारलं.

"तिथे ट्रम्पेट असतं," बाई मागे न वळता म्हणाल्या. "ट्रम्पेट आणि ऑर्गन, दोघांचा कॉन्चेर्टो आहे हा. तीनशे वर्षांपूर्वीचा. मी माझा भाग वाजवते आणि त्याच्या जागा मोकळ्या सोडते."

"मी वाजवतो ट्रम्पेट. बँडमध्ये होतो."

आता त्या वळल्या. त्याच्या हातातला पाना बघितला, मग तोंड बघितलं.

"बँडचं सोडा. कागद वाचता येतो?"

"अडखळत."

"शनिवारी दुपारी तीनला या. हात धुऊन."

त्या दिवसापासून पाच वर्षं एकही शनिवार चुकला नाही. पहिली दोन वर्षं बाईंनी त्याच्याकडून अठरा वर्षांची बँडची सवय उतरवून घेण्यात घालवली. "हे लोकांना रस्त्यावरून बाजूला करायचं वाद्य नाही," त्या म्हणत. मग त्यांनी कुठूनशी एक लहान ट्रम्पेट मिळवलं, हातभरसुद्धा लांब नसलेलं. जुन्या काळच्या त्या उंच स्वरांसाठी तेच लागतं. त्याच्यावर वरचा स्वर धरायचा म्हणजे ओठांची दोन्ही टोकं दातांशी खिळवून ठेवायची आणि मधल्या गव्हाएवढ्या फटीतून हवा सोडायची. दिसायला खेळणं वाटायचं, पण दहा मिनिटांत मानेच्या शिरा टरारून वर यायच्या. त्याच्या नाकी नऊ आले. पण तिसऱ्या वर्षी एका शनिवारी पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता गेला. बाईंनी पट्ट्यांवरून हात उचलले आणि नुसतं "हं" म्हणाल्या. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, "आज बाई हं म्हणाल्या." बायकोला त्यातलं मोठेपण कळलं नाही, पण तिने त्याला जेवायला दोनदा वाढलं.

कॉन्चेर्टोचे भाग तीन. पहिला आणि तिसरा वेगाचे. मधला संथ, आणि त्यात ट्रम्पेट अजिबात नाही.

"का नाही?" त्याने एकदा विचारलं होतं.

"जुन्या ट्रम्पेटला बटणं नव्हती. या सुरावटीतले निम्मे स्वर त्याच्यातून निघायचेच नाहीत. आणि दुसरं म्हणजे ओठ. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की पलीकडे माणूस आहे, त्याला विसावा लागतो."

तो बावन्न वर्षांचा झाला त्या वर्षी बाईंनी तारीख ठरवली. शरद ऋतूतला एक रविवार, दुपारी चार. चर्चच्या लोकांना सांगून झालं. फोरमनने कारखान्याच्या फलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं: आपल्या भोंगाचा कार्यक्रम. अजून सात महिने होते. बाईंना घाई होती, कारण त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. "पुढच्या वर्षी ही बोटं माझं ऐकतील की नाही, सांगता येत नाही," त्या एवढंच म्हणाल्या, आणि विषय बंद केला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी ते घडलं. सकाळी तो चहा प्यायला बसला आणि पहिल्याच घोटाला चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. त्याने पुसला. पुन्हा प्याला, पुन्हा तेच. समोर बसलेली मुलगी हसली. तिला वाटलं, बाबा नकला करताहेत. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. ती इस्पितळात परिचारिका होती. ती उठून त्याच्यापुढे आली आणि म्हणाली, "बाबा, भुवया वर करा." उजवी वर गेली. डावी हलली नाही. "डोळे घट्ट मिटा." उजवा मिटला. डावा अर्धवट उघडाच राहिला, आणि फटीतून पांढरं दिसायला लागलं.

"दोन्ही हात वर करा. आता दोन्ही पाय." ते नीट हलले तेव्हा मुलीचा जीव भांड्यात पडला, पण तिने ते कुणाला कळू दिलं नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनीही हेच सगळं करून घेतलं. "मेंदूचा झटका नाही, ही चांगली गोष्ट. चेहऱ्याची नस सुजली आहे. का सुजते, कुणालाच नीट माहीत नाही. गोळ्या देते. रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवून झोपायचं. शंभरातले ऐंशी लोक तीन महिन्यांत ठणठणीत होतात."

"आणि राहिलेले वीस?"

"त्यांच्यातलेही बहुतेक बरेचसे बरे होतात."

"बरेचसे म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. "आपण काम काय करता?"

"लेथवर आहे," तो म्हणाला. ट्रम्पेटचं बोलायला त्याची जीभ रेटली नाही.

लेथवरून त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं. मिटत नसलेल्या डोळ्यासमोर पितळेचा कीस उडतोय, हे फोरमनला बघवेना. "पॅकिंगला बस. बरा झालास की लेथ तुझाच," तो म्हणाला. पॅकिंगला दिवसभर नळ कागदात गुंडाळून खोक्यात रचायचे. सोबतचे कामगार पहिल्या दिवशी म्हणाले, "भोंगा, आज अर्धाच हसतोस का रे?" तोही अर्धा हसला. तिसऱ्या दिवसापासून कुणी काही म्हणेनासं झालं, आणि ते त्याला जास्त लागलं. शिवाय त्याच नसेपायी डाव्या कानाला प्रत्येक आवाज दुप्पट मोठा यायचा. खोक्यात नळावर नळ आपटला की कुणी कानशिलात मारल्यासारखं व्हायचं.

दोन शनिवार तो गेला नाही. तिसऱ्या शनिवारी जिना चढून वर गेला. बाईंनी त्याच्याकडे नीट, वेळ घेऊन बघितलं. अरेरे नाही, कसं झालं नाही.

"किती दिवस?"

"नव्वद दिवस सांगतात." प फ ब म अजून नीट निघत नव्हते. तो शब्द निवडून बोलत होता.

"आपल्याकडे सहा महिने आहेत. बस. पानं उलट."

मग शनिवारचं रूप बदललं. बाई दोघांचाही भाग मनात धरून आपला तेवढा वाजवायच्या. तो शेजारी उभा राहून पानं उलटायचा, आणि ट्रम्पेटच्या जागा आल्या की मुकं ट्रम्पेट हातात धरून नुसती बटणं दाबायचा. त्या मोकळ्या जागांत बटणांची टकटक तेवढी ऐकू यायची. बाईंच्या बोटांच्या पेरांवर आता गाठी आल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी पट्टीवर पडायला अर्धा क्षण उशीर करायची. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलत नसे.

घरी आरशापुढे व्यायाम. मुलीने शब्दांची यादी करून दिली होती: पोपट, भोपळा, बाबा, मामा, माप, बाप. दिवसातून चार वेळा, प्रत्येक शब्द दहादा, बोटाने डावा कोपरा वर धरून. बावन्न वर्षांचा माणूस न्हाणीघरात उभा राहून पोपट पोपट म्हणतोय, याचं बायकोला पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून तो व्यायाम करायला लागला की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. पाण्याच्या आवाजात ती काय करते, हे त्याने कधी विचारलं नाही.

तिसरा महिना संपला तरी चेहरा तसाच. चौथ्या महिन्यात एका सकाळी भुवई हलली. मग पापणी मिटायला लागली. दोन आठवड्यांत चेहरा जवळजवळ जागेवर आला. डॉक्टरीणबाईंनी हसायला लावलं, गाल फुगवायला लावले. "पंच्याण्णव टक्के. काय हवं आणखी?" फोरमनने लेथ परत दिला. पॅकिंगवाले म्हणाले, "काही कळतसुद्धा नाही रे." शेजारी, नातेवाईक, रस्त्यावरचे ओळखीचे, सगळे हेच म्हणायचे. काही कळतसुद्धा नाही.

त्याला कळत होतं. बरं झाल्यावरच्या पहिल्याच संध्याकाळी त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं. खालचे स्वर आले, जाडेभरडे पण आले. वर चढायला लागला आणि डाव्या कोपऱ्यातून हवा निसटली. फुस्स. ओठ आवळला, पुन्हा फुस्स. राहिलेले पाच टक्के नेमके तिथे होते, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत. बोलताना ती जागा लागत नाही, हसताना लागत नाही, जेवताना, शिंकताना, कशालाच लागत नाही. जगात एकाच गोष्टीला लागते.

त्याने सगळं करून पाहिलं. माउथपीस उजवीकडे सरकवला. कोपऱ्यावर आतून चिकटपट्टी लावली. डाव्या हाताचं बोट वाकवून कोपरा दाबून धरला, तर ट्रम्पेट पेलेना. ओठ आतून सोलवटला आणि टॉवेलवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. तरी पाचव्या महिन्याच्या शेवटी पहिला भाग कसाबसा उभा राहिला. तिसरा मात्र नाही. तिसऱ्यात ट्रम्पेट सलग वर वर चढत जातं आणि तिथेच राहतं. सुरुवातीचे चार सूर झाले की कोपरा सुटायचा.

बाईंकडे शनिवारी दोघं पहिला भाग वाजवत. मग त्या म्हणत, "तिसरा?"

"आज ओठ दुखतोय. घरी करतोय मी. होईल."

"होईल ना?"

"होईल."

असे सहा शनिवार गेले. एका संध्याकाळी बायकोने रक्ताचा टॉवेल त्याच्यापुढे धरला. "अहो, नाही म्हणून सांगा त्यांना. समजूतदार आहेत त्या."

"तुला काय कळतंय यातलं?"

"ट्रम्पेटमधलं काही कळत नाही. तुमचं तोंड कळतं. अठ्ठावीस वर्षं बघतेय."

हातातला कप त्याने भिंतीवर फेकला. संसारात पहिल्यांदा. बायको वाकून तुकडे वेचायला लागली तेव्हा तो उठून तिच्या शेजारी बसला आणि तोही वेचायला लागला. पण बाईंना त्याने सांगितलं नाहीच. न सांगण्यामागे तसं कारण काही नव्हतं. सांगितलं की ते खरं होणार होतं, एवढंच.

तो रविवार उजाडला. लख्ख ऊन होतं. चर्चमध्ये ऐंशी-नव्वद लोक आले, त्यांतले निम्मे कारखान्याचे, धुतलेल्या सदऱ्यांत अवघडून बसलेले. बायको आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. तो वर सज्जाच्या कठड्याशी उभा होता, बाई त्याच्या डाव्या हाताला, ऑर्गनपुढे. त्यांनी बोटं गरम पाण्यात बुडवून आणली होती, ती अजून लाल होती.

पहिला भाग गेला. एक स्वर फुटला, दुसरा थोडा खाली लागला, पण गेला. खाली फोरमन टाळी वाजवायला लागला आणि शेजारच्याने त्याचा हात धरला.

मधला भाग सुरू झाला. एकट्या ऑर्गनचा. बाई इतक्या संथ वाजवत होत्या की दोन सुरांमध्ये बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. भोंगा ट्रम्पेट छातीशी धरून उभा होता. विसाव्याचा भाग, पण त्याचा ओठ विसावत नव्हता, गार पडत होता. डावा कोपरा हळूहळू ढिला होताना त्याला जाणवलं. मग हनुवटीवरून काहीतरी ओघळून कॉलरवर पडलं तेव्हा कळलं की लाळ आहे, आणि ती कधीपासून वाहतेय हे आपल्याला समजलंसुद्धा नाही. त्याने बाहीने पुसली. तिसऱ्या रांगेत मुलीने मान खाली घातली.

तिसरा भाग. त्याने श्वास घेतला, ट्रम्पेट उचललं. एक, दोन, तीन, चार सूर. पाचव्याला हवा. नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. पुन्हा श्वास, पुन्हा हवा. त्याने ट्रम्पेट खाली घेतलं आणि ऑर्गन थांबायची वाट बघितली.

ऑर्गन थांबला नाही. बाईंनी डाव्या हाताने एक लाकडी मूठ ओढली आणि डोक्यावरच्या नळ्यांमधून ट्रम्पेटचा आवाज आला. ऑर्गनमध्ये तसा एक आवाज असतोच. त्या मुठीवर ट्रम्पेट असंच लिहिलेलं असतं. उजवा हात त्यांनी वरच्या ओळीवर नेला होता आणि त्या त्याचा भाग वाजवत होत्या. डाव्या हाताने आणि पायांनी आपला. एकही सूर सुटत नव्हता. सुजलेली करंगळीसुद्धा वेळेवर पडत होती. आणि सुरावटीत जिथे जिथे तो श्वास घ्यायचा, तिथे तिथे त्या बारीकशा थांबत होत्या. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही.

हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. हे बसवलेलं होतं.

शेवटपर्यंत तो तसाच उभा राहिला, ट्रम्पेट खाली धरून, लोकांकडे तोंड करून. टाळ्या बराच वेळ वाजल्या. खाली उतरल्यावर फोरमनने त्याचे दोन्ही हात धरले. "काय झालं रे ते शेवटी! तू खाली घेतलंस आणि आवाज वरून आला. असंच लिहिलंय का ते?" बहुतेकांना ते तसंच लिहिलेलं वाटलं होतं. लोक येत होते, छान झालं म्हणत होते, आणि प्रत्येक छानला तो मान हलवत होता.

गर्दी पांगल्यावर तो पुन्हा वर गेला. बाई पट्ट्यांवर फडकं घालत होत्या.

"कधीपासून बसवत होतात?"

"दोन महिने झाले."

"मला सांगितलं नाहीत."

"तू तरी कुठे सांगितलंस?" त्या वळल्या. "दर शनिवारी विचारत होते. म्हटलं, आज सांगेल. सांगितलं असतंस तर आपण एकच भाग वाजवून घरी गेलो असतो. मला तेही चाललं असतं."

"तुम्ही मला तिथे उभं करून ठेवलंत. सगळ्यांपुढे."

"मी थांबले असते तर तू कुठे उभा राहिला असतास?"

लहान ट्रम्पेट त्याने तिथल्या बाकावर ठेवलं आणि जिना उतरला. पुढच्या शनिवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुपारी तीन वाजले की तो घरात काहीतरी काम काढायचा, दाराच्या बिजागऱ्या, खिडकीची कडी. कारखान्यात लोक आणखी आठवडाभर कार्यक्रमाचं बोलले आणि मग विसरले.

हिवाळा गेला. एका दिवशी मुलगी कामावरून आली आणि म्हणाली, "बाबा, बाई आमच्या इस्पितळात येऊन गेल्या, हात दाखवायला. त्यांना आता कोटाची बटणंसुद्धा लावता येत नाहीत. मी लावून दिली." जरा थांबून म्हणाली, "तुमचं विचारलं. अजून रागावलाय का म्हणाल्या."

"तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हटलं."

तो रविवारी गेला. बाई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दार उघडायला त्यांना खूप वेळ लागला. कडी त्यांना तळहाताने ढकलावी लागत होती. बोटं आत वळली होती आणि वळलेलीच राहिली होती. दोघं टेबलाशी बसले. चहा त्यानेच केला. त्यांनी कप दोन्ही मनगटांत धरून उचलला आणि थोडा चहा टेबलावर सांडला. त्याने उठून पुसला.

"त्या दिवशीनंतर मी वाजवलं नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी उठले तर उजवा हात उघडेना. तिसऱ्या भागाने खाल्ला असेल. नाहीतरी जाणारच होता."

"मग बसवलंत कशाला? माझं सोडून द्यायचं होतं."

"पाच वर्षं शिकवलं. सोडून काय द्यायचं?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या श्वासांच्या जागी थांबले मी. ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग झालं."

तो माफी मागायला आला होता की मागून घ्यायला, हे त्याचं त्यालाच येताना ठरवता आलं नव्हतं. दोन्ही राहिलं. पण त्या दिवसापासून तो दर शनिवारी जायला लागला. संगीताचं बोलणं होत नसे. तो आठवड्याचं सामान वर आणून द्यायचा, डब्यांची झाकणं सैल करून ठेवायचा, औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढून वाटीत घालायचा. बाई वर्तमानपत्र वाचून घ्यायच्या आणि त्याच्या उच्चारांवर टोकायच्या. प आणि ब अजून सैल सोडतोस, म्हणायच्या. एकदा त्यांनी वर्तमानपत्र मध्येच थांबवून विचारलं, "घरी वाजवतोस का रे?" तो नाही म्हणाला. "बरं करतोस," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, बरं करत नाहीस. पण वाजव, असं मी सांगू शकत नाही."

पुढच्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवसांत त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस मुलीची पाळी त्यांच्याच वॉर्डात होती. त्या शुद्धीवर नव्हत्या, असं ती म्हणाली. त्याने जास्त विचारलं नाही.

अंत्यविधीला शंभर-सव्वाशे माणसं आली, बहुतेक जुने विद्यार्थी, पोक्त, टक्कल पडलेले. ऑर्गन वाजवायला त्या भागात दुसरं कुणी उरलं नव्हतं. चर्चचा राखणदार आधी भोंगाकडे आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही काही वाजवाल का? छोटंसं चालेल." त्याने मान हलवली. राखणदाराला वाटलं दुःखामुळे नको म्हणतोय. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेला. सगळं शांततेत झालं. लोक खोकले, बाकं कुरकुरली, कुणाचं तरी तान्हं रडलं आणि त्याला बाहेर नेलं. शवपेटी उचलताना तो पुढच्या डाव्या दांडीला होता. बाई इतक्या हलक्या झाल्या होत्या की उचलणाऱ्यांची एकमेकांकडे नजर गेली.

घरी आल्यावर बायकोने त्याचा काळा कोट झटकून खुंटीला लावला. "वर जाऊन एकदा बघायचं होतंत ऑर्गनकडे," ती म्हणाली.

"कशाला?"

"कशाला नाही. असंच."

तो आरशापुढे उभा राहून दाढीचे खुंट चाचपत होता. सकाळी घाईत डाव्या बाजूचे राहून गेले होते. "उद्या पहिली पाळी आहे," तो म्हणाला. "पाचचा गजर लाव."